टेंडर अलर्टची वर्गणी: पैसे टाकावेत का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरीचं युनिट आहे. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या आरोग्य प्रकल्पांत दवाखान्याचा कपडा निघतो का बघायला एका खासगी अलर्ट सेवेची (नव्या टेंडरच्या नोटिसा ईमेलनं कळवणारी) वर्षाची वर्गणी भरली. नाव लिहीत नाही. ईमेल रोज येतात, पण 'टेक्सटाईल' टाकलं की जिओटेक्सटाईलही (बांधकामात मातीत घालायचं कापड) येतं. म्हणजे रस्ते आणि धरणं! आम्ही काय बंधाऱ्यावर टॉवेल अंथरू? नोटीसही कधीकधी मुदत संपत आल्यावर पोचते.

त्यापेक्षा जागतिक बँकेची स्वतःची साइट बघा. नोटिसा फुकट आहेत, देश निवडता येतो. खरी माहिती 'प्रोक्युरमेंट प्लॅन'मध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या खरेदीच्या आराखड्यात. टेंडर निघायच्या आधीच काय घेणार, कुठल्या पद्धतीनं, अंदाजे कितीचं, हे त्यात असतं. आशियाई विकास बँकही प्लॅन टाकते.

माल जागतिक बँक घेत नाही, करार राज्याचं खातं करतं. म्हणून शंका लेखी त्यांनाच विचारायच्या, आणि निविदा बहुधा त्यांच्याच ई-पोर्टलवर, डिजिटल सहीनं.

बोली सुरक्षेच्या (बोलीसोबत द्यायच्या अनामतीच्या) बँक गॅरंटीला जपा; ती आपल्या बँकेकडून घ्यायची. मसुदा निविदेतलाच लागतो आणि मुदत साधारणपणे बोलीच्या वैधतेपुढे (बोली लागू राहते त्या काळापुढे) २८ दिवस. आमच्या शाखेतले साहेब स्वतःचा छापील नमुना सोडायलाच तयार नव्हते. निविदेतलं पान उघडून समोर ठेवलं, तेव्हा कुठं हलले.

अलर्टवाले यातलं काहीच सांगत नाहीत. पाचपैकी दोन तारे, तेही फोन उचलतात म्हणून.