कांजी शिकवणारं विकतचं ॲप: बरेच महिने वापरल्यानंतर

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी चाललेली तक्रार अजून मिटलेली नाही. जपानी शिकणाऱ्यांना ओळखू येईलच: रोज नव्या कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं), प्रत्येकीसाठी लक्षात ठेवायला एक गोष्ट, वाढत्या अंतराने उजळणी आणि चढत जाणाऱ्या पातळ्या. मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-३ या मधल्या पातळीची तयारी करते आहे.

लिहायला बसले ती वर्गणीमुळे. वार्षिक वर्गणी डॉलरमध्ये आपोआप कापली जाणार होती, ती बँकेने नाकारली. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशा वारंवार कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी कार्डधारकाने आधी संमती नोंदवलेली हवी, आणि रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी तशी सूचना यायला हवी. या कंपनीने ती सोय केलेलीच नाही. वरच्या पातळ्यांना कुलूप लागलं. तेही चाललं असतं, पण कुलूप असताना उजळणीचं घड्याळ मात्र चालूच राहिलं. स्वतः पैसे भरून आत गेले तर कित्येक दिवसांची उजळणी साचलेली, आणि त्यात अडखळलेल्या कांजी सरळ खालच्या पायरीवर. बंद काळ वगळा, असं मदत विभागाला लिहिलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच: दुसरं कार्ड वापरून पाहा. वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. इतके पैसे मोजून हे उत्तर मला मान्य नाही.

तरीही माझी खरी तक्रार पैशांची नाही. पडद्यावर एकटी कांजी येते आणि खाली प्रश्न येतो: वाचन (म्हणजे उच्चार)? हा प्रश्नच चुकीचा आहे.

जन्म, जगणं, कच्चं असे अर्थ असलेली कांजी घ्या. जपान सरकारच्या जोयो (नेहमीच्या वापरातल्या कांजींच्या) तक्त्यात तिची १२ वाचनं आहेत. गाकुसेइ म्हणजे विद्यार्थी, तिथे ती सेइ. इश्शो म्हणजे आयुष्यभर, तिथे शो. इकिरु, जगणे, यात इ. उमारेरु, जन्मणे, यात उ. आणि बिअरच्या आधी लागली की नामा. ॲपला फक्त सेइ हवं. नामा लिहिलं की लाल पट्टी, आणि ती कांजी पुन्हा मागे. बरोबर उत्तराला चूक म्हणणारं साधन मी इतके महिने रोज उघडते आहे, आणि तो लाल रंग पाहून रोज तितकीच चिडते.

रविवार म्हणजे निचियोबि. यात सूर्याची एकच कांजी दोनदा येते. सुरुवातीला तिचं वाचन निचि, शेवटी बि. एकटी आली तर हि. आता ‘सूर्याच्या कांजीचं वाचन काय’ याला कोणतं एक उत्तर द्यायचं? आशिता म्हणजे उद्या आणि ओतोना म्हणजे प्रौढ माणूस, या शब्दांत तर वाचन दोन्ही कांजींना मिळून आहे. त्याचे तुकडे करून अमुक भाग हिचा, तमुक तिचा असं म्हणताच येत नाही. असे शंभराहून अधिक शब्द जोयो तक्त्याच्या शेवटी वेगळ्या यादीत दिले आहेत. ॲपमध्ये त्या यादीचा पत्ता नाही.

हा गुंता आला कुठून, हे ॲपने एका परिच्छेदात सांगितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. चिनी उच्चार जपानमध्ये एका फेरीत आले नाहीत. दक्षिण चीनकडचे आधी आले, तांग राजवटीतल्या राजधानीचे नंतर, आणि काही त्याहून उशिरा. म्हणून ‘जाणे’ या अर्थाची कांजी ग्योजि (कार्यक्रम) मध्ये ग्यो आहे, गिंको (बँक) मध्ये को आणि आन्दोन (कागदी दिवा) मध्ये आन. शिवाय इकु, ओकोनाउ ही देशी वाचनं आहेतच. ओन्योमी (चिनीवरून आलेलं वाचन) आणि कुन्योमी (देशी वाचन) या जोडीला मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. आपण पाणी पितो आणि जलाशय बांधतो. तिकडे मिझु पितात, आणि नळाचं पाणी सुइदोमधून येतं, कांजी तीच. पण जलाशय शिकल्याशिवाय नुसतं ‘जल’ पाठ करून काय हाती लागणार?

जेएलपीटीतही एकटी कांजी विचारत नाहीत. अख्खं वाक्य असतं, त्यातल्या शब्दाखाली रेघ असते आणि चार वाचनं दिलेली असतात. ती बहुतेकदा ह्रस्व-दीर्घात किंवा क-ग, त-द यांत फसवतात. शुजिन म्हणजे घरधनी, शूजिन म्हणजे कैदी. आपल्या कानाला हा उकार लगेच कळतो. दीर्घ ओ मात्र देवनागरीत वेगळा दाखवता येत नाही, त्यामुळे तो ऐकूनच पक्का करावा लागतो.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, घेऊ नका. मग वरच्या पातळ्यांवर कांजी आवाजाच्या भागानुसार गट करून येऊ लागल्या आणि माझं मत बदललं. निळ्या रंगाची कांजी, वाचन सेइ. तिच्या डावीकडे पाणी आलं की ‘स्वच्छ’, सूर्य आला की ‘निरभ्र’, बोलणं आलं की ‘विनंती’, तांदूळ आला की ‘सत्त्व’. चारही जणींचं वाचन सेइ! एका बाजूला अर्थ, दुसऱ्या बाजूला आवाज. त्या दिवसापासून अनोळखी कांजी समोर आली की मी अंदाज करते, आणि तो पुष्कळदा बरोबर निघतो. डावीकडे मन आलं की ‘भावना’ होते आणि वाचन बदलून जो होतं. हा अपवादही ॲपने तिथल्या तिथे दाखवला. इतकं स्वच्छ मला वर्गातही कोणी दाखवलं नव्हतं. हे पहिल्याच पातळीवर का ठेवलं नाही, याचा मात्र राग आहे.

बाकीचं थोडक्यात. लक्षात ठेवण्यासाठी दिलेल्या गोष्टी अमेरिकन माणसाच्या कानासाठी रचलेल्या आहेत, आपल्या मराठीत रचाव्यात. ‘एन-३ इतके टक्के पूर्ण’ अशी पट्टी दिसते तिच्यावर विसंबू नका; २०१० मध्ये परीक्षेचं स्वरूप बदलल्यापासून कांजींची अधिकृत यादी प्रसिद्धच होत नाही. हाताने लिहिण्याचा सराव नाही, त्याला चौकटीची वही पुरते.

घ्यायचंच असेल तर एन-४ (एन-३ च्या आधीची पातळी) झाल्यावर, महिन्याच्या वर्गणीने, आवाजाचे गट पाहण्यापुरतं घ्या. उजळणी मी आता आंकी या उजळणीच्या कार्डांच्या ॲपवर हलवली आहे. ते संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आणि पुढे काय विचारायचं ते आपण ठरवतो. माझ्या कार्डावर पुढे पूर्ण वाक्य असतं, त्यात एका शब्दाखाली रेघ. मागे त्या शब्दाचं वाचन आणि अर्थ. एकट्या कांजीचं कार्ड मी बनवत नाही. ॲपवाल्यांनाही हेच लिहून पाठवलं आहे: सेटिंगमध्ये ‘आधी शब्द दाखवा’ एवढा एक पर्याय द्या. तुमच्यापैकी जे वर्गणी भरत असतील त्यांनीही लिहा, मागणी करणारे वाढले तर कदाचित ऐकतील.