फेअरिंगच्या आत बघा: सेकंडहँड आर वन फाइव्ह घेताना मी कसा फसलो

माझं बजेट 90 हजार होतं. भोसरी एमआयडीसीत नोकरी, दोन वर्षं ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकलेले, आणि बाइक घेईन तर यामाहाची स्पोर्ट्स बाइक आर वन फाइव्हच, हे कॉलेजपासून डोक्यात. नवी तेव्हा ऑनरोड दोन लाखांच्या वर जात होती, म्हणून जुनी व्ही-थ्री, म्हणजे तिसरं व्हर्जन, शोधत होतो. पिंपरी-चिंचवडमधल्या एका डीलरकडे निळी, 2019 ची, एबीएसवाली मिळाली. मीटरवर 18,400 किलोमीटर. किंमत 88 हजार. "सिंगल ओनर आहे दादा, शोरूम मेंटेन्ड. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय." मी तिथंच पाच हजार टोकन दिलं.

मी फोन करून गेलो होतो. पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. "धुतली, म्हणून जरा चालू ठेवली," असं तो म्हणाला. गाडी थंड असताना सेल्फ कसा घेते, धूर येतो का, टायमिंग चेनचा आवाज येतो का, हे सगळं पहिल्या मिनिटात कळतं, आणि तेच मिनिट त्यानं माझ्या हातून काढून घेतलं होतं. गरम गाडी दाखवली तर सरळ सांगा, उद्या सकाळी येतो, मी येईपर्यंत चावी लावू नका.

चार दिवसांनी कराडला गावी निघालो. शिरवळ सोडलं आणि 80 च्या पुढं हँडल थरथरायला लागलं. वारा असेल म्हटलं. खंबाटकी घाट उतरताना मात्र गाडी वळणात धरून राहीना, बाहेर बाहेर जायला बघायची. मागून ट्रक येत होते. त्या दहा मिनिटांत जी भीती वाटली ती पैशांची नव्हती.

कराडला आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी आधी हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं वळवलं आणि माझ्याकडं बघितलं. "आरं, ही तोंडावर आपटलेली गाडी हाय."

मग त्यांनी फेअरिंग, म्हणजे गाडीवरचं प्लॅस्टिकचं आवरण, ज्याला किटपण म्हणतात, ते उतरवलं आणि टॉर्च मारून दाखवलं. हँडल दोन्ही बाजूंना जिथं अडतं, तिथं चेसिसच्या नेकपाशी, म्हणजे हँडलचा दांडा सांगाड्यात बसतो तिथं, लोखंडाचे छोटे स्टॉपर असतात. गाडी जोरात आपटली की चाक वळून सगळा मार त्या स्टॉपरवर बसतो. माझ्या गाडीचा उजवा स्टॉपर दबलेला होता. डावा वेल्ड मारून नव्यानं बसवलेला, वर ब्रशनं काळा रंग, आणि रंगाचा एक ओघळ तसाच वाळलेला. त्या ओघळावर मी बोट फिरवलं. पुढच्या शॉकअपचा एक पाइप जुना, एक नवा. फेअरिंगच्या आतल्या बाजूला क्लिपा तुटलेल्या, प्लॅस्टिक चिकटवलेलं. बाहेरून मात्र स्टिकरसकट सगळं चकाचक.

स्पोर्ट्स गाडीत धोका इथंच आहे. नेकेड, म्हणजे किट नसलेली, गाडी पडली की इंजिन, टाकी, चेसिस सगळं दिसतं. इथं किटचा पडदा असतो, आणि नवं किट चढवलं की मेलेली गाडीसुद्धा उठून उभी राहते. म्हणून फेअरिंगचा एक तरी पॅनेल उघडून दाखवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून निघून या. नेकपाशी टॉर्च मारा, दोन्ही स्टॉपर सारखे आहेत का बघा, बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालाय का बघा. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली तरी चाकं एका रेषेत आहेत की नाहीत ते कळतं. मेस्त्रीला सोबत न्या, त्याला पाचशे रुपये द्यावे लागले तरी द्या.

मीटरचं नंतर कळलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर दिला तर शेवटच्या सर्व्हिसची नोंद 41 हजारांची निघाली. माझ्या मीटरवर तेव्हा 19 हजारही नव्हते. ब्रेक डिस्कच्या कडेला नखाला लागेल इतकी कड तयार झाली होती आणि गिअर लिव्हरचं रबर गुळगुळीत झालं होतं, हे मी पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं. टोकन द्यायच्या आधी मालकाला सोबत घेऊन ही नोंद काढा.

विम्याच्या कागदावरही खूण होती. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो. पॉलिसी मधे बंद पडली असेल तरी येतो, पण कारण विचारायला हवं होतं. एम-परिवहन या सरकारी ॲपवर बँकेचा बोजाही दिसत होता. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, मला त्यासाठी अडीच महिने हेलपाटे पडले. आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते बघायला मागा. मला असा काही नियम आहे हेच माहीत नव्हतं.

डीलरकडे परत गेलो तेव्हा त्यानं डिलिव्हरी नोट पुढं केली. "गाडी जशी आहे तशी पाहून घेतली" आणि खाली माझी सही. ती ओळ असेल तर सही करू नका. "अपघात झालेला नाही, मीटर मूळ आहे" असं लिहून मागा. जो खरं बोलतो त्याला हे लिहायला काही वाटत नाही.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. प्रकरण चालू आहे.

मधे एक एजंट घरी येऊन गेला. म्हणाला, "किट परत चढवून देतो, 70 हजारांत आरामात जाईल, कुणाला कळणारपण नाही." माझ्यासारखाच कुणीतरी पोरगा ती घेऊन खंबाटकी उतरणार, हे डोळ्यासमोर आलं. त्याला मी नाही म्हणून सांगितलं. गाडी गावी शेडमध्ये उभी आहे. किट पोत्यात बांधून ठेवलंय. गाडी बघायला कुणी आलं की आधी टॉर्च आणतो आणि तो वेल्ड मारलेला स्टॉपर दाखवतो.