स्कॉर्ट घेताना आधी आतली चड्डी बघा

टेनिस-बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलींसाठी दुकानात स्कॉर्ट मिळतो. वर स्कर्ट आणि आत अंगासरशी बसणारी शॉर्ट्स, दोन्ही एकाच कमरपट्ट्याला शिवलेले. किंमत साधारण ७०० रुपयांपासून साडेतीन हजारांपर्यंत. हँगरवर डोळ्यांत भरतो तो स्कर्टच: चुण्या, कडेची रंगीत पट्टी, कमरेवरचा लोगो. धावणं, वाकणं, लंज (एक पाय लांब पुढे टाकून खाली झुकणं), सर्व्हिस हे सगळं मात्र आतल्या शॉर्ट्सच्या भरवशावर चालतं. पैसे तिच्यासाठी मोजायचे.

सुरुवात चेंडूपासून करू. टेनिसचा चेंडू ६.५४ ते ६.८६ सेंटीमीटर व्यासाचा असतो. पुरुषांच्या शॉर्ट्सना दोन्ही बाजूंना खोल खिसे असतात, दुसऱ्या सर्व्हिसचा चेंडू तिथे बिनघोर राहतो. स्कर्टला खिसा दिला तर घेर एका बाजूला ओढला जातो, म्हणून तो बहुधा देतच नाहीत. मग खेळाडू स्कर्टचा काठ बोटभर उचलते आणि शॉर्ट्सच्या पायाच्या काठाखाली चेंडू खालून वर सरकवते. चेंडूवरची लव ताणलेल्या कापडाला धरून राहते. यासाठी कापडात १२ ते २० टक्के स्पँडेक्स (ताणणारा धागा) हवं आणि काठ दुमडून शिवलेला हवा. बऱ्या स्कॉर्टमध्ये शॉर्ट्सच्या बाजूलाच जाळीचा खिसा असतो. त्याचं तोंड तिरकं आणि घट्ट असेल तरच तो कामाचा. तोंड सरळ वर आणि सैल असेल तर तिसऱ्या-चौथ्या पावलाला चेंडू बाहेर येतो. सामन्यात रॅली चालू असताना खिशातून चेंडू पडला तर पहिल्यांदा लेट मिळतो, म्हणजे तो गुण पुन्हा खेळतात; पुन्हा पडला तर गुण जातो. दुकानात चेंडू घेऊनच जा. तो आत ठेवून बाजूला चार पावलं जोरात पळा आणि जागेवर दहा उड्या मारा.

बॅडमिंटनला या खिशाचा उपयोग नाही, उलट जाडी वाढते. तिथे बघायचा तो दोन पायांच्या मधला, जांघेत लावलेला पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा. तो नसेल तर चार शिवणी एकाच बिंदूत येतात आणि नेटजवळच्या खोल लंजला सगळा ताण तिथेच पडतो. आधी कातडी सोलते, मग शिवण उसवते. आतून बोट फिरवून बघा: सपाट लागणारी फ्लॅटलॉक शिवण चांगली, उभी कड लागणारी ओव्हरलॉक मांडीला घासते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर अर्ध्या तासात.

आता सगळ्यात मोठी तक्रार: शॉर्ट्स वर चढतात. दोन रॅलींच्या मधे काठ खाली ओढणारा हात कुठल्याही स्पर्धेत दिसतो. याचं कारण मापाच्या तक्त्यात आहे. बहुतेक तक्त्यांत कंबर आणि नितंब एवढीच मापं असतात, मांडीचं माप नसतं. रोज स्क्वॅट मारणाऱ्या मुलीची मांडी तिच्या कमरेच्या प्रमाणात त्या तक्त्यापेक्षा भरलेली असते. कापड आडवं ताणलं गेलं की लांबीला आखडतं, आणि ३ इंच पायाची (जांघेपासून काठापर्यंत ३ इंच लांब) शॉर्ट्स जांघेत गोळा होते. पट्ट्या किंवा गाठी कितीही लावल्या तरी हे थांबत नाही. ५ इंची पाय घ्या, शक्य असेल तर काठाला आतून सिलिकॉनची पट्टी असलेला, आणि मांडीच्या सर्वांत जाड भागाचं माप टेपने घेऊनच जा. मांडीला बसतो पण कमरेला सैल, असा झाला तर आत नाडी असलेला निवडा. पट्टा निदान ४ सेंटीमीटर रुंद हवा. अरुंद लास्टिक पोटावर गुंडाळलं जातं.

हे माप तक्त्यात नसणं ही साधी चूक नाही. खेळाडू बाईची मांडी, दंड, खांदे यांकडे बघण्याची सवय तिथे उतरली आहे. ताकद चालते, ती दिसलेली चालत नाही. अमेरिकेची टेनिसपटू सेरेना विल्यम्स २०१८ च्या फ्रेंच ओपनमध्ये काळा, अंगभर घट्ट पोशाख घालून उतरली. बाळंतपणात रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाल्यामुळे तो दाब देणारा कपडा तिला हवा होता. काही महिन्यांत फ्रेंच टेनिस संघटनेच्या अध्यक्षांनी असा पोशाख पुढे चालणार नाही, असं सांगितलं. पण महिला टेनिस संघटनेने २०१९ च्या हंगामापासून वर स्कर्ट नसतानाही लेगिंग्ज किंवा मांडीच्या मध्यापर्यंतच्या कॉम्प्रेशन (दाब देणाऱ्या) शॉर्ट्स चालतील हे नियमात स्पष्ट केलं. म्हणजे स्कॉर्टचा आतला अर्धा भाग एकटाच चालतो.

आणखी दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा, एक आपल्याकडचं, एक जागतिक. २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या आखूड स्कर्टवर धर्मगुरूंनी आक्षेप घेतला. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने वरच्या दर्जाच्या स्पर्धांत महिलांनी स्कर्ट किंवा ड्रेसच घालावा, असा नियम आणला. कारण दिलं होतं खेळाच्या आकर्षक सादरीकरणाचं. शॉर्ट्सवर खेळायची सवय असलेल्या खेळाडूंनी आणि इतरांनीही विरोध केला, नियम लांबणीवर पडला आणि २०१२ मध्ये सोडून दिला गेला. एकीला स्कर्ट आखूड म्हणून बोलणी, दुसरीवर स्कर्टची सक्ती. मांडी घासते का, हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. पुरुषांचीही प्रतिमा कपड्यानेच घडवली जाते. २००५ मध्ये स्पेनचा टेनिसपटू राफाएल नदाल बिनबाह्यांचा शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी पँट घालून फ्रेंच ओपन जिंकला. दंड उघडे, पाय झाकलेले, आणि त्या दंडांचं कौतुकच झालं. एवढंच की त्याच्या पँटला खिसे होते.

स्कर्ट मनापासून आवडणाऱ्या खेळाडू पुष्कळ आहेत आणि त्यांनी तो जरूर घ्यावा. चुण्यांचा घेर हलका आणि मोकळा असतो, घट्ट सरळ स्कर्टसारखा लंजला अडत नाही. लांबी १२ ते १३ इंच पुरते. शिवणीशिवाय नुसता कापलेला काठ वजनाला हलका, पण बॅगच्या वेल्क्रोत अडकून लवकर खराब होतो. दुमडून शिवलेला काठ जास्त टिकतो.

रंगाबाबत तडजोड करू नका. पांढऱ्या स्कर्टच्या आत पांढरी शॉर्ट्स घामाने पारदर्शक होते, आणि पाळीच्या दिवसांत मुलीचं अर्धं लक्ष तिकडेच राहतं. एरवी सगळा पोशाख पांढराच हवा म्हणणाऱ्या विम्बल्डन स्पर्धेने २०२३ पासून महिलांना आत गडद रंगाच्या शॉर्ट्स घालायची मुभा दिली, अट एवढीच की त्या स्कर्टपेक्षा लांब नसाव्यात. विम्बल्डनला चालतं ते शाळेच्या स्पर्धेत नक्कीच चालावं. पांढराच घ्यायचा असेल तर शॉर्ट्सच्या आत हात घालून कापड ताणा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. बोटं मोजता आली तर परत ठेवा.

धुताना गार पाणी, साधी पावडर. सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर बसून कापड घाम ओढेनासं होतं. ब्लीच आणि कडक उन्हाने स्पँडेक्स मरतं. लास्टिक ढिलं झालं की चेंडू टिकत नाही. चुण्या उष्णतेने बसवलेल्या असतात, म्हणून गरम इस्त्री नको. पिळू नका, कमरपट्ट्याला चिमटे लावून सावलीत उलटा वाळवा.

दोन हजारांचं बजेट असेल तर महागड्या एका स्कॉर्टपेक्षा ५ इंची, गडद रंगाच्या, खिसेवाल्या दोन कॉम्प्रेशन शॉर्ट्स आणि वरून घालायचा एक साधा स्कर्ट असं घेणं परवडतं. शॉर्ट्स रोज धुवायच्या असतात, स्कर्ट एका दिवसाआड चालतो. स्पर्धेच्या दिवशी तो वर घालायचा की नाही, हे मुलीला ठरवू द्या.