खाणपट्ट्यातील आमदारांची कारकीर्द एका संचिकेत : सीताबर्डीवरील संदर्भसेवेचे परीक्षण

नागपुरात सीताबर्डीवर मुख्य रस्त्यापासून थोडे आत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वृत्तपत्रांची कात्रणे आणि विधिमंडळाच्या कामकाजाचे संदर्भ पुरवणारे एक लहान कार्यालय आहे. मागणी नोंदवली की ते एखाद्या आमदारांच्या सभागृहातील कामाची संचिका तयार करून देतात. तीत तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे) व अतारांकित (केवळ लेखी उत्तराचे) प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचे मुद्दे, अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पावरील भाषणे आणि त्या त्या काळातील कात्रणे असतात. आमच्या गावाच्या पुनर्वसनाचे निवेदन हिवाळी अधिवेशनापूर्वी तयार करायचे होते, म्हणून वर्धा खोऱ्यातील कोळसा पट्ट्यातून एकापेक्षा अधिक वेळा निवडून आलेल्या एका आमदारांची संचिका मी मागवली. त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण हे परीक्षण सेवेचे आहे आणि नाव आले की वाचक आधी पक्ष पाहतात, काम नंतर.

या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे प्रश्न आणि उत्तर दोन्ही मूळ शब्दांत, पूर्ण दिलेले असतात. महाराष्ट्र विधानसभेतील लेखी प्रश्नांचा साचा ठरलेला आहे. अमुक गावात अमुक घडले ‘हे खरे आहे काय’ येथून सुरुवात होते, मग ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय’ असे विचारले जाते आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ हा भाग येतो. उत्तरेही त्याच क्रमाने, भागशः दिली जातात. त्यातले ‘हे अंशतः खरे आहे’ हे उत्तर वाचकाने थांबून वाचावे असे असते, कारण कोणता अंश मान्य केला आणि कोणता वगळला हे पुढच्या परिच्छेदातूनच शोधावे लागते. या कार्यालयाने अशा ठिकाणी सभागृहात विचारले गेलेले उपप्रश्नही कार्यवाहीतून काढून शेजारी लावले आहेत. मंत्र्यांनी लेखी उत्तरात जे टाळले होते ते तोंडी उत्तरात कुठे मान्य केले, हे त्यामुळे एका दृष्टिक्षेपात दिसते. आमच्या निवेदनाचा अर्धा आधार मला अशाच दोन पानांतून मिळाला.

आमदारांनी किती प्रश्न विचारले याची नुसती आकडेवारी हल्ली सर्वत्र फिरते, पण तिच्यावरून काम मोजता येत नाही. एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे मतदारसंघासह छापलेली असतात, आणि यादीत शेवटी असलेल्या सदस्याच्या खात्यावरही तो प्रश्न पूर्ण एक म्हणून धरला जातो. या संचिकेत आमदारांचे नाव पहिले असलेले प्रश्न आणि इतरांसोबत आलेले प्रश्न वेगळे ठेवले आहेत. ही काळजी मला फार मोलाची वाटली.

विषयवार मांडणीमुळे आणखी एक गोष्ट समोर आली, जी केवळ तारखांच्या क्रमाने लावलेल्या कागदांत मला कधीच दिसली नसती. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार खाणींचे व खनिज विकासाचे नियमन संसदेच्या कायद्याने ज्या मर्यादेपर्यंत केंद्राकडे घेतले आहे त्या मर्यादेपर्यंत ते संघसूचीतील ५४ व्या नोंदीत मोडते, खाण कामगारांची सुरक्षितता ५५ व्या नोंदीत येते, आणि राज्यसूचीतील २३ वी नोंद उरलेल्या जागेपुरतीच राहते. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ च्या कायद्याने झाले, आणि कोळसा असलेल्या जमिनी १९५७ च्या केंद्रीय कायद्याखाली संपादित होतात. म्हणून आमदारांनी पहिल्या कार्यकाळात ‘कोळसा खाणीमुळे गावाचे नुकसान’ अशा शब्दांत विचारलेल्या प्रश्नांना, बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील असल्याचे एका ओळीचे उत्तर मिळालेले दिसते. केंद्राची कोळसा कंपनी असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्सला आहे, विधानभवनही त्याच परिसरात आहे, तरी एका इमारतीतील प्रश्नाला दुसऱ्या इमारतीने उत्तर देण्याची सोय व्यवस्थेत नाही.

पुढील कार्यकाळात त्याच आमदारांचे प्रश्न बदलतात. आता प्रश्न खाणीचा राहत नाही. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण रस्त्याची भारवहन क्षमता किती आणि त्यावरून रोज किती वजनाची कोळसा वाहतूक होते, हे सार्वजनिक बांधकाम आणि ग्रामविकास खात्यांना विचारले जाते. धुळीबद्दल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोणाला नोटिसा दिल्या, विहिरींचे पाणी का आटले, सातबाऱ्यावरील नोंदी का प्रलंबित आहेत, असे विचारले की राज्यातील कोणत्या तरी मंत्र्याला उत्तर देणे भाग पडते. प्रश्न कोणत्या खात्याच्या दारी न्यावा हे शिकण्यात एका लोकप्रतिनिधीची कित्येक वर्षे जातात. ते शिकणे पानापानांतून उलगडताना पाहून मला या आमदारांविषयी, काही बाबतींत तीव्र मतभेद असूनही, आदर वाटला. संदर्भसेवेने यावर कोणतेही भाष्य जोडलेले नाही, कागद योग्य क्रमाने लावले एवढेच, आणि तेच योग्य आहे.

उणिवाही आहेत, आणि त्यातील एक गंभीर आहे. आमदार मंत्री झाल्यावर ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. या काळासाठी संचिकेत केवळ कात्रणे आहेत, तीही मुख्यतः उद्घाटनांची. त्यांनी मंत्री म्हणून दिलेली उत्तरे, आणि त्यांच्याच जिल्ह्यातील इतर सदस्यांनी त्यांना विचारलेले प्रश्न, यात असायलाच हवे होते. ज्यांनी अनेक वर्षे विलंबाची कारणे विचारली, त्यांनी स्वतः विलंबाची काय कारणे दिली, हे जाणून घेण्याचा मतदारांना पूर्ण अधिकार आहे. सभागृहात दिलेली आश्वासने आश्वासन समितीकडे जातात, त्यांचाही पाठपुरावा येथे नाही. मी हे निदर्शनास आणून दिल्यावर कार्यालयाने मंत्रिपदाच्या काळातील उत्तरांची पुरवणी वेगळ्या शुल्कात करून देण्याची तयारी दाखवली. माझ्या मते ती मूळ संचिकेचाच भाग असावी.

दुसरी उणीव, खाणबाधित भागासाठी निधी खर्च करणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची आहे. खाण व खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने हे प्रतिष्ठान अस्तित्वात आले. १२ जानेवारी २०१५ पूर्वी खाणकामासाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि लिलावातून दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के रक्कम त्यात जमा होते. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा उच्च प्राधान्याच्या कामांवर किमान ६० टक्के खर्च व्हावा, असे प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत होते. २०२१ मध्ये केंद्राने आमदार-खासदारांना प्रतिष्ठानाच्या नियामक परिषदेत सदस्य म्हणून घेण्याचे आदेश दिले. म्हणजे खाणपट्ट्यातील आमदारांच्या कामाचा मोठा भाग आता विधानभवनाबाहेर, जिल्हाधिकारी कार्यालयातील बैठकांत घडतो, आणि त्या बैठकांची इतिवृत्ते या संचिकेत एकही नाही. चंद्रपूर, यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या आमदारांची संचिका मागवणाऱ्यांनी ही इतिवृत्ते माहिती अधिकाराखाली स्वतंत्रपणे मागवावीत.

जुन्या काळाबाबत मात्र या कार्यालयाची जाण उत्तम आहे. कर्मवीर मारोतराव कन्नमवार यांच्याविषयी सहज विचारले असता, तेथील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांची नोंद एका ठिकाणी मिळणार नाही हे लगेच सांगितले. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील हे नेते २० नोव्हेंबर १९६२ ते २४ नोव्हेंबर १९६३ या काळात मुख्यमंत्री होते आणि पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्याआधी ते जुन्या मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळातही होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी होती, पुढे द्विभाषिक मुंबई राज्य आले आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्र. विदर्भातील जुन्या आमदारांचे काम असे तीन राज्यांच्या कागदांत विखुरलेले आहे, हे ठाऊक असलेली संदर्भसेवा मिळणे सोपे नाही.

व्यवहार स्वच्छ आहे. शुल्क पृष्ठांनुसार आकारतात, अंदाज आधी लेखी देतात आणि पावती मिळते. छपाई सुवाच्य आहे, जुनी कात्रणे मात्र फिकट आली आहेत. सुरुवातीची सूची गाववार असती तर ग्रामस्थांना अधिक उपयोग झाला असता, कारण ते आपल्या गावाचे नाव शोधतात, खात्याचे नाही. विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातून किमान एक अधिवेशन येथे होते. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली, त्या दोन वर्षांचे कागदही संचिकेत पूर्ण आहेत. अधिवेशन जवळ आले की पत्रकारांच्या मागण्या वाढतात आणि काम लांबते, म्हणून निवेदन किंवा अभ्यासासाठी संचिका हवी असल्यास मागणी दिवाळीपूर्वी नोंदवावी आणि मंत्रिपदाच्या काळातील उत्तरांची पुरवणी त्याच अर्जात लिहून मागावी.