वेस्टपोर्टला एकच दिवस: डोंगर की सायकल?

जुलैत आयर्लंडमधल्या वेस्टपोर्टला एकच मोकळा दिवस असेल, तर क्रो पॅट्रिक डोंगर चढायचा की ग्रीनवे या सायकलमार्गावर सायकल हाणायची? चढाई फुकट, सायकलला भाडं. दमछाक मात्र डोंगरावरच. उंची 764 मीटरच, पण सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून. शेवटच्या टप्प्यात सुटे दगड पायाखालून सरकतात, उतरताना तर जास्तच. काठी हवीच. ढग उतरले की खाडीतली बेटं गायब, मेहनत पाण्यात. ग्रीनवे 1937 साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचा, म्हणून चढ सौम्य. वाटेतल्या न्यूपोर्ट गावाहून परत फिरलात तरी चालतं.

पोरंबाळं, आईबाबा सोबत असतील तर सायकल. गुडघे धड आणि आभाळ मोकळं असेल तर डोंगरच. फक्त जुलैचा शेवटचा रविवार टाळा, तेव्हा वर यात्रा असते. काहीजण अनवाणी चढतात.