आजीची पैठणी: तशीच नेसायची की तिचा शेला करायचा?

लग्नात आजीची पैठणी हवीच, असं ठरलं की आधी ती उजेडात धरून बघा. जुनं रेशीम विरतं ते घडीवर. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी तिथेच चिरते, आणि खऱ्या जरीचा पदर जड असल्याने ओढही तिथेच बसते.

पोत शाबूत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नेसा. नऊवारी असेल तर नऊवारीच, सहावारीसाठी कापू नका. हाताने विणलेल्या पदरावरचे मोर उलट-सुलट दोन्हीकडून सारखेच दिसतात, ती कारागिरी अख्ख्या साडीतच खुलते. फक्त होमाजवळ सांभाळा आणि पिना ब्लाउजलाच लावा, रेशमाला नकोत.

रेशीम चिरत असेल, तर मात्र हट्ट नको. काठ-पदर बहुधा धड असतात. पदराला मऊ सुती अस्तर लावून शेला करून घ्या. सप्तपदीला नवऱ्याच्या उपरण्याशी गाठ त्याचीच बांधली जाईल. उरलेल्या काठाचे ब्लाउजच्या बाह्यांना पट्टे लागतात. कात्री लावण्याआधी आईला आणि मावशीला विचारा, त्यांचाही त्या साडीवर जीव असतो.