थिऑलॉजी कुठं शिकायची: राशोल, पुणे की घरी बसून?

गेल्या महिन्यात वास्कोत रविवारच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीतली एक मुलगी चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. बी.कॉम. झालेली, बंदरातल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते. "मावशी, मला थिऑलॉजी करायची आहे. बायबल नीट शिकायचंय आणि लोकांना समुपदेशनही करायचंय. कुठं जाऊ?" हा प्रश्न मला पूर्वीही तीन-चार जणांनी विचारला आहे आणि दर वेळी मी तोंडी, तुकड्यातुकड्यांत उत्तर दिलं. या वेळी सगळं एकत्र लिहून काढते आहे.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्नानंतर बावीस वर्षं वास्कोत. आम्ही प्रोटेस्टंट. मी घर आणि नोकरी सांभाळून बाहेरून अभ्यास केला आणि पुढं रुग्णालयात पाळकीय सेवेचं, म्हणजे आजारी-दुःखी माणसांना श्रद्धेचा आधार देण्याचं, थोडं प्रशिक्षण घेतलं. त्यामुळं माझा कल कुठं आहे ते वाचताना लक्षात येईलच. तो मी लपवत नाही.

शुल्क, अंतर, पदवीचं नाव हे सगळं बघाच, पण माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. तुम्ही लिहिलेला कागद तिथं कोण तपासणार? बायबलचा अर्थ लावणं आणि दुःखात असलेल्या माणसाशी बोलणं, दोन्ही हातानं शिकायच्या गोष्टी आहेत. कुणीतरी चूक दाखवल्याशिवाय त्या येत नाहीत. पुढची सगळी तुलना मी याच प्रश्नावर घासून केली आहे.

कॅथलिक असाल तर

गोव्यात थिऑलॉजी म्हटलं की पहिलं नाव राशोलचं. मराठी कागदपत्रांतलं रायतूर ते हेच. साष्टीत, जुवारीच्या काठी जेझुइट संघाच्या धर्मगुरूंचं कॉलेज होतं. 1759 साली त्यांना हाकलल्यावर 1762 पासून तिथं धर्मप्रांताची सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, झाली. पण हा रस्ता धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणांचा आहे. चर्चच्या नियमाप्रमाणं किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो, त्यात दोन पूर्ण वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईश्वरविज्ञान, म्हणजेच थिऑलॉजी. प्रत्यक्षात तयारीची आणि सेवेची वर्षं धरली तर काळ आणखी वाढतो. पिलारची सेमिनरीही मुख्यतः पिलार सोसायटी या धर्मगुरूंच्या संघात जाणाऱ्यांसाठी. धर्मभगिनींसाठी जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात 1964 पासून माटर देई इन्स्टिट्यूट आहे.

मग संसारी कॅथलिक माणसानं किंवा बाईनं कुठं जावं? पदवी हवी असेल तर पुण्याचं ज्ञानदीप. ही संस्था 1893 साली श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि 1955 मध्ये पुण्यात आली. तिच्या पदव्या रोमच्या मान्यतेच्या आहेत आणि तिथं धर्मगुरूंबरोबर धर्मभगिनी आणि सामान्य लोकही शिकतात. माध्यम इंग्रजी. तपासणीच्या प्रश्नावर ज्ञानदीप पूर्ण उतरतं: तोंडी परीक्षा, मार्गदर्शकाबरोबर लिहायचा प्रबंध.

राशोलची गोष्ट इथं सोडवत नाही, कारण मराठी माणसाच्या मनात एक संकोच असतो: हे सगळं इंग्रजी-पोर्तुगीज-कोंकणीत चालणारं, यात आपलं काय? फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, त्यांनी साष्टीत आयुष्य काढलं आणि बायबलची कथा मराठी ओव्यांत लिहिली. ते ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं ते राशोललाच. सुमारे अकरा हजार ओव्या. म्हणजे गोव्यात ईश्वरविज्ञान चारशे वर्षांपूर्वीच मराठीत बोललं आहे. तुम्हाला धर्मसेवेपेक्षा या साहित्याचाच अभ्यास करायचा असेल तर सेमिनरीत जायची गरजच नाही. गोवा विद्यापीठात मराठीत एम.ए. किंवा पीएच.डी. करा आणि पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चच्या ग्रंथालयात बसा. हा रस्ता ख्रिस्ती नसलेल्यांनाही तितकाच खुला आहे.

प्रोटेस्टंट असाल तर: पुण्याला राहून की घरून

आमच्यासाठी गोव्यात थोरली सेमिनरी नाही. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला पोचते आणि आमच्या मंडळीतून शिकायला गेलेले बहुतेक जण त्याच गाडीनं गेले.

पुण्यात दोन मोठी ठिकाणं. एक युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र. तिला मराठीतून शिकवण्याची परंपरा आहे आणि ती सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहे. हे सेरामपूर बंगालचं, आमच्या नगरकडचं श्रीरामपूर नव्हे. विल्यम कॅरी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1818 साली तिथं कॉलेज काढलं. मराठी नवा करारही 1811 मध्ये तिथंच छापला गेला होता. पदव्या देण्याचा अधिकार सिनेटला 1918 च्या कायद्यानं मिळाला. दुसरं ठिकाण युनियन बिब्लिकल सेमिनरी. 1953 मध्ये यवतमाळला स्थापन झालेली ही सेमिनरी 1983 मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. इथं माध्यम इंग्रजी आणि देशभरातले विद्यार्थी.

पदवीनंतर बी.डी.ला, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी या थिऑलॉजीच्या पदवीला, चार वर्षं लागतात. ती खरोखर चार वर्षं असतात. नोकरी सुटते, वसतिगृहात राहायचं, पहाटेची प्रार्थना, दुपारी ग्रीक, शनिवार-रविवार कुठल्यातरी मंडळीत सेवा. प्रवेशाला बहुधा स्वतःच्या मंडळीचं शिफारसपत्र लागतं. पाळकांशी आणि वडीलमंडळींशी बोलणं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आमच्याकडच्या एका मुलाचं वर्ष एवढ्या एका पत्रापायी गेलं.

घरून करायचं तर सेरामपूरचाच बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) हा पदवीधरांसाठीचा बहिःस्थ अभ्यासक्रम आहे, बारावी झालेल्यांसाठी पदविकाही आहे. मी बी.सी.एस. केला. फायदा उघड आहे: पगार चालू राहतो, मुलं डोळ्यांसमोर राहतात. तोटा मला तिसऱ्या पेपरला कळला. मी पाठ करून लिहीत होते, आणि माझं चुकतंय कुठं हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. बंगळूरची टाफ्टी ही संस्था 1971 पासून यावर एक तोडगा वापरते: घरी धडा करायचा आणि आठवड्यातून एकदा शिक्षकाबरोबर गटात बसून त्यावर बोलायचं. गट चांगला जमला तर ही पद्धत एकट्यानं वाचण्यापेक्षा कितीतरी उजवी आहे. मला तसा गट मिळाला नाही. मी काय केलं ते पुढं सांगते.

तपासणी म्हणजे नेमकं काय

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन ख्रिस्ती घरात भिंतीवर नाही असं क्वचितच होतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा आणि भवितव्य देण्याचे आहेत, असं देव म्हणतो. यावर मी चार पानं उत्साहानं लिहिली आणि पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना पोस्टानं पाठवली. महिन्याला एक निबंध तपासून देण्याचं त्यांनी कबूल केलं होतं. कागद परत आला तेव्हा समासात लाल शाईत तीनच ओळी होत्या. हे पत्र कुणाला लिहिलंय? दहावं वचन वाचलंस का? सातव्या वचनातला हिब्रू शब्द बघ.

दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहूदी लोकांना हे पत्र आहे, आणि ते ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. सातव्या वचनात देव त्यांना सांगतो की ज्या नगरात मी तुम्हाला नेलं त्याचं शालोम, म्हणजे शांती आणि भलं, बघा, त्यासाठी प्रार्थना करा. अकराव्यातले हिताचे संकल्प हेही मुळात शालोमचेच आहेत. भाषांतरात दोन जागी दोन शब्द आले की हा धागा दिसेनासा होतो. मी नगर सोडून वास्कोत आलेली बाई. घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं भलं बघा, ही त्याच पत्रातली वाक्यं मी त्या रात्री पहिल्यांदा स्वतःला उद्देशून वाचली.

असा समास मिळण्याची सोय निवासी सेमिनरीत आपोआप असते, बाहेरून शिकताना ती स्वतः उभी करावी लागते. बाहेरून शिकणार असाल तर अर्ज भरण्याआधी असा एक माणूस शोधा. हिब्रू-ग्रीक पूर्ण आली नाही तरी अक्षरं ओळखता आली पाहिजेत. केंब्रिजच्या टिंडेल हाउसमधून निघालेलं स्टेप बायबल फुकट आहे आणि त्यात प्रत्येक शब्दामागचा मूळ शब्द उघडून बघता येतो. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. मला आता जमेल का, असं चाळिशीतल्या बायका विचारतात तेव्हा मी त्यांना रमाबाईंच्या केडगावची आठवण देते.

समुपदेशन वेगळं शिका

इथं माझं मत पक्कं आहे. बी.डी.त पाळकीय समुपदेशनाचे पेपर असतात आणि ते उपयोगी आहेत. पण पेपर लिहून समुपदेशन येत नाही.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात मंडळीतल्या एका वहिनींजवळ बसले होते, त्यांचे यजमान पहाटे गेले होते. पुढं रुग्णालयातल्या प्रशिक्षणात ते संभाषण जसंच्या तसं लिहून आणायला सांगितलं. या पद्धतीत बोलणं शब्दशः लिहायचं आणि शेजारच्या रकान्यात त्या क्षणी आपल्याला काय वाटलं ते. मी लिहिलं:

ती: काल रात्री त्यांनी पाणी मागितलं. नर्स नको म्हणाली.
मी: देवाचे संकल्प हिताचेच असतात, वहिनी.

प्रशिक्षकांनी बाकीचं पान बाजूला ठेवलं आणि विचारलं, "त्या पाण्याबद्दल बोलत होत्या. तू पाण्याबद्दल का नाही विचारलंस?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेजारच्या रकान्यात मीच लिहून ठेवलं होतं: मला भीती वाटली. भिंतीवरचं ते वचन मी त्यांच्यासाठी वापरलं नव्हतं, माझी भीती झाकायला वापरलं होतं. नंतर मी त्यांच्या घरी गेले आणि पाण्याबद्दल विचारलं. त्या दोन तास बोलल्या.

या शिक्षणाला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन म्हणतात. अँटन बॉइसन यांनी 1925 साली अमेरिकेत एका मनोरुग्णालयात विद्यार्थी घेऊन ते सुरू केलं. आपल्याकडं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये असं प्रशिक्षण मिळतं. काही आठवड्यांसाठी घर सोडावं लागतं, पण तपासणीच्या कसोटीवर याच्या तोडीचं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

दुसरा पर्याय मानसशास्त्राचा. समुपदेशन हा व्यवसायच करायचा असेल तर मानसशास्त्रात एम.ए. करा, तेही नियमित महाविद्यालयात जाऊन. 2025 च्या शैक्षणिक सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत, तेव्हा घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी देतो म्हणणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 'पाळकीय समुपदेशक' या नावाला अशी सरकारी नोंदणी नाही, म्हणून आपली हद्द आपणच ओळखायची असते. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर प्रार्थना कराच, पण त्याच दिवशी बांबोळीच्या मनोविकार संस्थेत सोबत जा. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीचा क्रमांकही फोनमध्ये ठेवा.

गुप्ततेचंही समजून घ्या. कॅथलिक धर्मगुरूंना पापनिवेदनात ऐकलेलं कुणालाही सांगता येत नाही, तो चर्चचा कडक नियम आहे. तुमचं-माझं समुपदेशन तसं नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन पहिल्या भेटीत देऊन टाकू नका.

ईश्वरविज्ञान, बायबल आणि समुपदेशन सगळं सहा महिन्यांत, ऑनलाइन, परीक्षा नाही, प्रमाणपत्र घरपोच: असा एक कोर्स मीही पैसे भरून केला होता. व्हिडिओ बरे होते. पण मी लिहिलेलं एकही पान कुणी उघडलं नाही. पदविकेवर माझं नाव सुंदर अक्षरांत आलं, आणि त्यानंतरही मी त्या वहिनींना तेच वाक्य बोलले.

मग त्या मुलीनं काय करावं?

अभिषेक घेऊन पाळक व्हायचं असेल तर पुण्याला जावं, निवासी बी.डी. करावी. मराठी मंडळीतच काम करायचं असेल तर मराठी परंपरेची सेमिनरी घ्यावी, कारण माणसं आपलं दुःख इंग्रजीत सांगत नाहीत. देशभर कुठंही जायची तयारी असेल तर इंग्रजी. नोकरी सोडता येत नसेल तर बी.सी.एस., पण तपासणारा माणूस आधी शोधून. आणि कुठलाही रस्ता घेतला तरी समुपदेशनासाठी रुग्णालयातलं प्रशिक्षण वेगळं.

तिनं अजून नक्की केलेलं नाही. आई एकटी आहे, घराचा हप्ता आहे, या गोष्टी तिच्या वयाला साध्या नसतात. पण निवृत्त शिक्षकांचा पत्ता तिनं मागून घेतला आणि यिर्मयाच्या त्याच अध्यायावर दोन पानं पाठवली. परवा कागद परत आला. तिनं फोटो काढून मला पाठवला, समासात लाल शाईत पाच प्रश्न आहेत. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती एकेक सोडवते आहे.